पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि मधले काही

बियाण्याची जनुकीय शुद्धता नुसत्या दाण्याकडे बघून कळत नाही, हे बियाण्यांच्या जालन्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यासाठी प्लॉटवर झाडे वाढवून बघतात, नाहीतर डीएनए मार्कर लावतात. रक्तगटाच्या कार्डावरचे 'आरएच पॉझिटिव्ह' मात्र आपण डोळे झाकून मानतो. खरे तर ती नोंद म्हणजे अँटी-डी या प्रतिपिंडाने, एका विशिष्ट द्रवातून, त्या दिवशी दिलेले उत्तर असते.

ते मिळते कसे ते पाहा. काचपट्टीवर रक्त आणि अँटी-डी एकत्र केले की लाल पेशींवर डी प्रथिन भरपूर असल्यास क्षणात ठसठशीत गुठळ्या धरतात. ते नसेल तर मिश्रण एकजीव राहते. पण काही रक्तांत रव्यासारखे बारीक कण दिसतात, किंवा तेही नाही. नळी 37 अंशांवर ठेवून, पेशी धुऊन, त्यांना चिकटलेले प्रतिपिंड दाखवणारी कूम्ब्स चाचणी केल्यावरच डी सापडतो. स्ट्रॅटन यांनी 1946 मध्ये अशा रक्ताची नोंद केली. आज त्याला 'वीक डी' म्हणतात. खरी अडचण त्याच्या शेजारी आहे. 'पार्शल डी'मध्ये प्रथिनाचा एखादा तुकडाच नसतो. अशा स्त्रीच्या रक्तात बाळाचे पूर्ण डी असलेले रक्त मिसळले, तर तिचे शरीर त्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंड बनवू शकते आणि पुढच्या गर्भाला त्रास होऊ शकतो. असे प्रतिपिंड बनू नये म्हणून निगेटिव्ह स्त्रीला अँटी-डीचेच इंजेक्शन देतात; कार्डावर पॉझिटिव्ह असल्याने हिला मात्र ते मिळत नाही. नळीत ही दोन्ही रक्ते सारखीच वागू शकतात. प्रतिपिंड आपल्याला 'किती' ते बऱ्यापैकी सांगते. 'कसे' हे विचारायला हे प्रथिन घडवणाऱ्या आरएचडी जनुकाचे दहा एक्झॉन, म्हणजे त्याचे सांकेतिक तुकडे, तपासावे लागतात.

मग जनुक तपासणीचे युरोपातले तयार किट का आणू नये? तिकडे वीक डीचे 1, 2 आणि 3 हे प्रकार जास्त सापडतात आणि त्या व्यक्तींना पॉझिटिव्ह धरावे, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञगटाने 2015 मध्ये केली. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने फ्रेंच सहकाऱ्यांसह भारतीय नमुने तपासले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात वेगळेच चित्र निघाले: आपल्याकडे सर्वाधिक आढळला तो तिसरा एक्झॉन दुप्पट झालेला प्रकार. हे दुप्पट होणे शोधण्याची सोय ज्या किटमध्ये नाही, ते आपल्या पुष्कळ वीक डी नमुन्यांपुढे गप्प बसणार. आणि 1, 2, 3 ला दिलेली सवलत या प्रकाराला आपोआप लागू होत नाही.

कुणी म्हणेल, शंका आली की निगेटिव्ह धरा, संपले. तरुण मुलीच्या बाबतीत हे मलाही मान्य आहे. पण आपल्याकडे निगेटिव्ह रक्तदाते शंभरात पाचेक. त्यांची पिशवी विनाकारण वापरली तर खऱ्या निगेटिव्ह रुग्णाला ती मिळत नाही. खर्चाचा आक्षेपही रास्त वाटतो, मात्र प्रत्येकाचे जनुक तपासा असे कुणीच म्हणत नाही. प्रतिक्रिया क्षीण आली किंवा दोन अँटी-डी द्रवांचे पटले नाही, तेवढेच नमुने पाठवायचे. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या बाईला परळला जावे लागत नाही, नळी जाते. आणि जनुक बदलत नसल्याने तपासणी जन्मात एकदाच. तोवर तिच्या कार्डावर नुसते 'पॉझिटिव्ह' नको. 'वीक डी : रक्त देताना पॉझिटिव्ह, घेताना निगेटिव्ह' एवढे लिहायला रक्तपेढीला कुठले यंत्र लागत नाही.