एक मिनिट, बाळाचा श्वास मोजा

आजचा भाग छोटा आहे. पण घरी तान्हं बाळ असेल किंवा येणार असेल, तर शेवटपर्यंत ऐका.

समजा, रिद्धपुरात एका घरी बारसं आहे. मोर्शीहून मावशी आली, अमरावतीहून मामा आला. मामाला जराशी सर्दी. तो बाळाला उचलतो, गालाचा पापा घेतो. कोणी टोकत नाही. टोकलं तर पाहुण्याला वाईट वाटते ना! आणि आजी म्हणते, "सर्दीच तर हाये बाप्पा!"

मामासाठी ती सर्दीच आहे. पण त्या सर्दीमागे कधी कधी आरएसव्ही नावाचा विषाणू असतो. मोठ्या माणसाचं नाक वाहतं आणि चार दिवसांत तो बरा होतो. तान्ह्या बाळाच्या श्वासनळ्या मात्र अगदी बारीक. त्यांना सूज आली, चिकट स्राव साचला, की हवा आत-बाहेर जायला जागाच उरत नाही. जगभरात 2019 या एका वर्षात पाच वर्षांखालची एक लाखाहून जास्त मुलं या विषाणूने गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांचीही झाली नव्हती.

हे दूरचं नाही. आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटात, धारणीच्या 'महान' संस्थेचे डॉ. आशिष सातव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये आरएसव्ही शोधला. दवाखान्यात आलेल्या मुलांपुरतं ते थांबले नाहीत, तर घरी दगावलेल्या मुलांचीही तपासणी केली. कारण दवाखान्यापर्यंत न पोचलेलं लेकरू दवाखान्याच्या नोंदीत दिसतच नाही.

आता महत्त्वाचं. आपण तापाची वाट पाहतो, खोकल्याची वाट पाहतो. नवजात बाळाला कधी कधी यातलं काहीच होत नाही. ते फक्त दूध ओढणं कमी करतं. सुस्त पडतं. कधी श्वास काही सेकंद थांबतोसुद्धा. घरचे म्हणतात, "किती शांत झोपलं!" ही शांतता धोक्याची असू शकते.

मग करायचं काय? मोबाईल काढा, स्टॉपवॉच लावा. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, कपडा वर करून पोट पाहा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण बाळाचा श्वास कमी-जास्त होत असतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले, तर थांबू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी कमी शिकलेल्या लोकांनाही श्वास मोजता यावा म्हणून मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं होतं. आपल्या तर खिशातच घड्याळ आहे!

आकडा कमी असला, तरी छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास थांबत असेल, अंग गार किंवा गरम लागत असेल, तर लगेच दवाखाना. 108 ला फोन करा. आजारी तान्ह्या बाळासाठी 102 ची गाडीही असते, आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. आशाताईंनाही सांगा. शेगडी, ओव्याची धुरी, पोटावर डंभा, यातलं काहीच करू नका. धुराने श्वास आणखी कोंडतो. आणि मेडिकलवरून स्वतःच अँटिबायोटिक आणू नका, ते विषाणूवर चालत नाही. बाळाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. ऑक्सिजन वेळेवर मिळणं, हेच मोठं औषध.

आईला सर्दी असली तरी अंगावरचं दूध सुरूच ठेवा. फक्त हात धुवून, तोंडाला रुमाल बांधून पाजा. 2023 पासून काही देशांत गरोदर आईला लस किंवा बाळाला तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन देतात. घरी कोणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना याबद्दल नक्की विचारा.

आणि बारशाला सर्दी झालेला मामा आला, तर हसून सांगा, "मामा, पाळणा दुरूनच हलवा. पापा पुढच्या महिन्यात!" मामा रुसला, तर समजूत काढता येते.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!