युद्धातील मूल आणि वर्तमानपत्रातील चित्र
(वार्षिक समारंभातील भाषण)



वर्गातील फलकासाठी एका विद्यार्थ्याने युद्धाच्या बातमीचे कात्रण आणले. त्यात एक जखमी मुलगा होता. मी ते लावणार, इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, याचं पुढे काय झालं?" मला उत्तर देता आले नाही. बातमीतही ते नव्हते.

८ जून १९७२ रोजी ट्रांग बांग या गावी दक्षिण व्हिएतनामच्याच विमानाने नापाम बाँब टाकले. नऊ वर्षांची किम फुक जळते कपडे फेकून रस्त्याने रडत धावली. ते छायाचित्र जगभर छापले गेले. १९७३ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या चित्राने युद्धाचे खरे रूप घरोघरी पोचवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती मुलगी वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात होती. आपले तसे चित्र जगाने पाहिले याची तिला पुढे लाज वाटे. तिला डॉक्टर व्हायचे होते. परंतु युद्धानंतरच्या सरकारने प्रचारासाठी तिचे शिक्षण तोडले. अखेर १९९२ साली तिने कॅनडात आश्रय घेतला.

ऑगस्ट २०१६ मध्ये सीरियातील आलेप्पो शहरात रुग्णवाहिकेत बसलेला, धुळीने माखलेला चिमुकला सर्वांनी पाहिला. त्याच हल्ल्यात जखमी झालेला त्याचा दहा वर्षांचा भाऊ काही दिवसांनी वारला. तो किती जणांना आठवतो?

मित्रांनो, अशी चित्रे छापूच नयेत, असे मी म्हणत नाही. झाकून ठेवल्याने अन्याय थांबत नाही. परंतु १९८९ च्या बालहक्क करारनाम्याने मुलालाही खाजगी जीवनाचा हक्क दिला आहे. मूल म्हणजे कोणत्याही पक्षाच्या हातातील फलक नव्हे.

पालकांना माझी विनंती आहे : असे चित्र घरी आले की पान उलटू नका, मुलांसोबत बसा. हे मूल आपले असते तर ते असे दाखवलेले आपल्याला चालले असते का? बाँब कोणी टाकला, हे बातमीत आहे का? दुसऱ्या बाजूची मुलेही तितक्याच आस्थेने दाखवली आहेत का? एवढे विचारायला शिकला तो विद्यार्थी खरा वाचक झाला.

ते कात्रण मी फलकावर लावले नाही. त्याऐवजी मुलांनी त्याच प्रश्नावर निबंध लिहिले.