काळं ऑइल कुठं ठेवायचं?

आम्ही कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका बोलतोय. आमच्या गटाची एक जुनी ओम्नी आहे. तिच्यातून आमच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बेदाणे मिरज-सांगलीला जातात. रेडिओवर बोलायला बोलावलं तेव्हा घरच्यांना वाटलं, चटणीबद्दल सांगतील. पण आज आम्ही गाडीचं इंजिन ऑइल घरी कसं बदलायचं ते सांगणार आहोत, आणि ते करताना आमच्या हातून झालेली एक चूकही.

आधी हे शिकायची वेळ का आली ते सांगतो. मागं एकदा मिरजेहून परत येताना गाडीत समोर लाल दिवा लागला. चहाच्या किटलीसारखं चित्र असतं बघा, तो. मागं बसलेल्या आम्ही म्हणालो, "चल की, आता घर काय लांब आहे?" पण गाडी चालवणाऱ्या वहिनींनी तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. पट्टी काढून बघितली तर टोकाला नुसता ओलावा. आदल्या वेळी ऑइल बदलताना कुणीतरी खालचा नट वाकडा आवळला होता, आटे गेले होते आणि ऑइल थेंब थेंब गळत होतं. अजून चार-पाच किलोमीटर रेटली असती तर इंजिन जाम झालं असतं आणि गाडीच्या कर्जाचे हप्ते उभ्या गाडीचे भरावे लागले असते. त्या दिवशी आमच्या लक्षात आलं की गाडीत कोणतं ऑइल आहे, कधी घातलंय, किती घातलंय, यातलं आम्हाला काहीच माहीत नाही. चटणीत मीठ किती ते चिमटीवर सांगणाऱ्या आम्ही बायका!

तशी ऑइलची आपल्याला ओळख नवीन नाही. ज्यांच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं त्यांना ती हँडल मारायची धांदल आठवत असेल. आपल्याच जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडीला कारखाना काढला आणि लोखंडी नांगर केले. तेव्हापासून आपल्या भागात घराघरात कुणी ना कुणी फिटर आहे. फक्त त्या घरातल्या बायकांच्या हातात पाना कुणी दिला नाही. शिवणयंत्राला आपण तेल देतो, कडबाकुट्टीला देतो. इंजिनात काम तेच. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पातळ थर लागतो. शिवाय ते ऑइल आतली उष्णता घेऊन जातं आणि जळणाची काजळी आपल्यात धरून ठेवतं. म्हणून ते काळं पडतं. काळं झालं म्हणजे लगेच वाया गेलं असं नाही, पण तळणीचं तेल जसं एका मर्यादेपलीकडं चालत नाही तसंच याचंही. किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. कच्च्या, धुळीच्या रस्त्यानं आणि जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला त्याच्या आधीच बदलावं लागतं. आपल्या गाड्या याच जातीच्या. आणि गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल, तर घरी हात घालू नका. कंपनीच्या सर्व्हिसलाच न्या.

आता काम. पुस्तकात सांगितलेल्या नंबरचं ऑइल, नवा फिल्टर आणि नटाचा नवा वायसर आणायचा. आमच्या ओम्नीला तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं. आम्हाला ऑइल आणि फिल्टर मिळून बाराशे-तेराशे रुपये पडले. गॅरेजची मजुरी वाचली ती दोन-तीनशे. म्हणजे पैसे फार वाचतात असं काही नाही, खोटं कशाला सांगा.

गाडी सपाट जागेवर लावा. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकांना पुढून-मागून दगड लावा. आणि हे नीट ऐका: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅक सरकला तर गाडी अंगावर येते. जाड लाकडी ठोकळ्यांवर किंवा पक्क्या उतरंडीवर चाकं चढवा, नाहीतर पक्का खड्डा बांधलेला असेल तिथं काम करा. पदर खोचा, वेणी बांधा, बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा. आम्ही साडीवर घरच्यांचे जुने शर्ट घालतो.

इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. ऑइल कोमट झालं की पातळ होऊन सगळं उतरतं. कडकडीत गरम असताना मात्र हात भाजतो. ओम्नीत पुढची सीट उचलली की खाली इंजिन दिसतं. तिथलं ऑइल घालायचं झाकण आधी उघडा, म्हणजे खालून ऑइल मोकळं येतं. मग खाली परात ठेवून बरोबर बसणाऱ्या पान्यानं नट सोडवा, शेवटचे आटे हातानं. ऑइल सुरुवातीला तिरपी धार मारतं, नंतर सरळ पडतं, तशी परात सरकवावी लागते. थेंब थांबेपर्यंत घाई नाही. तेवढ्यात चहा होतो.

जुना फिल्टर फिरवून काढा. त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा. जुनीवर नवी बसली तर सगळं ऑइल बाहेर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटभर ताजं ऑइल लावा आणि हातानंच आवळा. नट नव्या वायसरसकट आधी हातानं सरळ बसवा, मग पान्यानं आवळा, पण जीव खाऊन नको. आमच्या आटे गेल्याची गोष्ट सांगितलीच. मग नरसाळ्यानं ऑइल घाला, सांगितल्यापेक्षा थोडं कमीच. इंजिन चालू केलं की लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. बंद करून थोडं थांबून पट्टी पुसून बघा, ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त घातलं म्हणजे इंजिन खूश होतं असं नाही, जास्तही वाईटच. तारीख आणि किलोमीटर गटाच्या वहीत लिहा.

हे काम तासाभराचं. पण नट फिरवणं यातला सोपा भाग आहे, हे आम्हाला पहिल्याच वेळी कळलं.

आमच्याकडं ना खड्डा होता ना उतरंड. म्हणून आम्ही शक्कल लढवली आणि गाडी रानातल्या कोरड्या चारीवर आडवी उभी केली, दोन चाकं या काठावर, दोन त्या. चारीत उतरलं की वर गाडीचं पोट. काठ ढासळला असता तर काय, हा विचार तेव्हा सुचला नाही. तुम्ही तसं करू नका. खाली परातीऐवजी उथळ घमेलं ठेवलं होतं. ते भरलं, ओढताना कलंडलं आणि लिटरभर काळं ऑइल चारीत गेलं. थोरल्या आत्या वरून म्हणाल्या, "राहू दे गं, माती पिऊन टाकती." पण म्हैसाळ योजनेचं आवर्तन चार दिवसांवर आलं होतं. ती चारी आधी द्राक्षाच्या बागेला जाते आणि पुढं शेततळ्यात. त्या तळ्याचं पाणी जनावरं पितात आणि टंचाईत आपणही भरतो.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा एक हिशेब आहे. एका गाडीच्या एका बदलातलं काळं ऑइल 10 लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. म्हणजे जवळजवळ 38 लाख लिटर. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल शेततळं घ्या. बाजू सरळ खणल्या तरी त्यात 27 लाख लिटरच मावतं. आम्ही सांडलं त्या दिवशी हा आकडा कुणालाच माहीत नव्हता, पण पाण्यावरचा तेलाचा तवंग सगळ्यांनी बघितलेला होता. त्याच संध्याकाळी राख आणि भुसा टाकून ऑइल टिपलं, मग खुरप्यानं आणि फावड्यानं वीतभर माती खरवडली, काळी दिसेनाशी होईपर्यंत आणि वास जाईपर्यंत. तीन पोती भरली. रात्रीचे नऊ वाजले. कुणाच्या घरी स्वयंपाक झाला नव्हता, आणि त्याबद्दल काय ऐकावं लागलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

घमेल्यात राहिलेल्या ऑइलला लगेच गिऱ्हाईक आलं. एकाला वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावायचं होतं, एकाला म्हशीच्या गोचिडांवर. कुणी म्हणालं, डबक्यात ओता, डास मरतील. कुणाला चूल पेटवायला हवं होतं. आपण सगळ्यांनीच हे केलंय. पण या ऑइलमध्ये इंजिनाची झिजलेली धातूची पूड असते आणि जळणातून आलेली विषारी रसायनं असतात. वापरलेलं ऑइल कातडीला वरचेवर लावल्यावर प्रयोगातल्या प्राण्यांना कातडीचा कॅन्सर झालेला आहे. म्हैस ते अंगावरून चाटते. चुलीत टाकलं तर धूर आपल्याच छातीत जातो. म्हणून काम करताना हातमोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. रॉकेलनं नको.

आता आम्ही काळं ऑइल त्याच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरतो, झाकण घट्ट लावतो आणि वर मोठ्या अक्षरात "काळं ऑइल" लिहितो. गोड्या तेलाच्या डब्यात ते कधीच भरायचं नाही, घरात लहान पोरं आणि अंधुक दिसणारी म्हातारी माणसं असतात. त्यात पाणी, पेट्रोल, रेडिएटरचं पाणी काही मिसळायचं नाही, नाहीतर ते परत शुद्ध करणं अवघड होतं. हो, शुद्ध होतं. ऑइल झिजत नाही, मळतं. कारखान्यात गाळून, शुद्ध करून त्याचं पुन्हा ऑइल होतं.

कायद्यानंही ते घातक कचऱ्यात येतं. 2016 च्या नियमांप्रमाणे ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडंच जायला हवं. 2023 साली त्या नियमांत बदल झाला आणि 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते गोळा करायची जबाबदारी आली. तुम्ही ज्या गॅरेजला कॅन देणार त्यांना सरळ विचारा, "भाऊ, तुमचं पिंप कोण नेतं?" उत्तर देताना अडखळले तर दुसरं गॅरेज बघा. सांगलीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आहे, तिथंही विचारता येतं. आम्हाला तीन गॅरेजं पालथी घालावी लागली. चौथ्यानं पावती दाखवली.

आणखी एक. नव्या ऑइलचा कॅन बिल घेऊनच आणा आणि सील बघा. काळं ऑइल देऊन कॅन रिकामा झाला की त्याला सुरीनं चीर पाडूनच भंगारात द्या. चांगल्या कंपनीचे आख्खे कॅन गोळा करून त्यात बनावट ऑइल भरून विकणारे असतात.

आता बेदाण्याच्या खोलीमागं, विहिरीपासून लांब, गवंड्याकडून दोन पक्क्या उतरंडी बांधून घेतल्यात. तिथं गाडी चढवून आत्तापर्यंत तीनदा ऑइल बदललं. थेंब पडला तर टिपायला भुशाचं पोतं बाजूलाच असतं. मागच्या वेळी पाना थोरल्या आत्यांच्या हातात होता.

चारीतल्या मातीची तीन पोती मात्र अजून शेडमध्ये प्लास्टिकवर ठेवलेली आहेत. गॅरेजवाले भाऊ म्हणाले, "ताई, ऑइल घेतो, माती कुठं घेऊ?" मंडळाच्या कार्यालयात जायचं ठरलंय. पुढच्या खेपेला ओम्नी सांगलीला जाईल तेव्हा आमच्यातल्या दोघीजणी तिथं उतरतील.