पावती द्या, मग पैसे

दिवाळीच्या फराळाचं सामान आणायला आम्ही गटातल्या चौघी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. गाडी दुकानाच्याच आवारात लावली. बेसन, तेलाचे डबे घेऊन बाहेर येतो तर गाडी गायब! रखवालदार म्हणाला, टोइंगवाल्यांनी नेली, तुम्ही गाडी लावून शेजारच्या बँकेत गेलात. बँकेत? आमच्या हातात तेलाचे डबे होते हो!

टोइंगवाल्यांनी 2000 रुपये रोख मागितले, तेही बिनपावतीचे. आमच्या 20 जणींची 100-100 ची महिन्याची बचत तेवढीच होते. सचिवताईंनी मोबाइलवर मोटार वाहन कायदा, 1988 काढला. त्याच्या कलम 127 प्रमाणे मनाईच्या जागी लावलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास बेवारस पडलेली गाडी उचलायला गणवेशातल्या पोलिसाची परवानगी लागते. आम्ही विचारलं, "परवानगी कुणी दिली?" उत्तर नाही.

संध्याकाळ झाली होती, गाडी सोडून घरी कसं जायचं? पैसे भरले, पण पावती घेतली आणि तिच्यावर ‘हरकत ठेवून भरले’ असं लिहवून घेतलं. गाडीवरचे ओरखडे तिथेच फोटोत टिपले. लगेच दुकानात लेखी अर्ज दिला, सोबत वेळ छापलेलं बिल जोडलं आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा म्हणून लिहिलं. ते काही दिवसांनी पुसलं जातं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवली.

तीन आठवड्यांनी दुकानाने 2000 परत केले. ओरखड्यांचं मात्र अजून चालूच आहे. गॅरेजवाल्याकडून खर्चाचा कागद मंगळवारी आणतोय.