बुरशीची रसद तोडणाऱ्या पेशी

राज्यभरातून परिषदेसाठी नागपुरात आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

स्वागताध्यक्षानं जेवणाची वेळ सांगून खाली बसावं, असा संकेत आहे. मी तो जरा मोडतो.

2021 चा उन्हाळा आपण कुणीच विसरलेलो नाही. कोविडमधून सुटून घरी गेलेला रुग्ण परत यायचा तो एक डोळा सुजलेला, टाळूवर काळा डाग आणि साखर चारशेच्या वर. आपण अँफोटेरिसिनसाठी फोन फिरवत होतो. औषधाचा तुटवडा सगळ्यांना दिसला, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींची झालेली कोंडी मात्र चर्चेत फारशी आलीच नाही. हा रोग करणाऱ्या म्युकर बुरशीचे बीजाणू आपल्या सर्वांच्याच श्वासात जातात, फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना रुजू देत नाहीत. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांनी हाच पहारा ढिला केला.

हा पहारा आपल्याला नवा नाही: पाणपिसूच्या पारदर्शक शरीरात, आतडं भेदून घुसलेल्या बुरशीच्या सुईसारख्या बीजाणूंवर पेशी तुटून पडताना शास्त्रज्ञ मेचनिकॉफनं पाहिल्या, 1884 मध्ये ते प्रसिद्धही केलं. पण गिळलं म्हणजे मारलं असं होत नाही. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी तर मॅक्रोफेजच्या पोटातच संसार थाटते! तिला संपवायला सायटोकाइनचा निरोप यावा लागतो. सिनसिनाटीत कविता सुब्रमण्यन विघ्नेश, जॉर्ज डीप आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं, की जीएम-सीएसएफ हे सायटोकाइन मिळताच मॅक्रोफेज मेटॅलोथायोनीन बनवते, बुरशीला लागणारं झिंक त्यात बांधून टाकते आणि शिवाय सुपरऑक्साइडचा मारा वाढवते. गडाला वेढा घालून रसद तोडण्याचा डाव मराठी माणसाला वेगळा समजावायला नको. इंटरल्यूकिन-4 मात्र नेमकं उलट करतं, त्यात बुरशीचं फावतं. (यावरून कोविडकाळातल्या झिंकच्या गोळ्यांवर लगेच खापर फोडू नका. हे प्रयोग हिस्टोप्लाझ्मावरचे आहेत.)

आपल्या ओपीडीशी याचा थेट संबंध आहे. टीएनएफ हाही असाच एक निरोप; तो रोखणाऱ्या औषधांवर बुरशीसंसर्गाचा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएनं 2008 मध्येच छापायला लावला. आणि एचआयव्ही नसलेल्या धडधाकट तरुणाला क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस झाला, तर त्याच्या रक्तात जीएम-सीएसएफविरोधी प्रतिपिंडं असू शकतात, हे आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येतं? आलं, तरी नमुना पाठवायचा कुठे? दुपारच्या चर्चासत्रात याचा सोक्षमोक्ष लावाच, अशी यजमान म्हणून माझी मागणी आहे.

जेवण दीड वाजता, तळमजल्यावर. सावजी सोसत नसेल त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी आहे. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, ही विनंती.