भैरवाच्या वाहनाचे डोळे

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यांत सोनारी हें गांव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळें प्रसिद्ध आहे. भैरवाचें वाहन श्वान. भैरवाचा भक्त कुत्र्यापुढें भाकरीचा तुकडा श्रद्धेनें टाकतो. त्याच्या डोळ्यांकडे मात्र सहसा कोणी निरखून पाहत नाहीं. शहरांतील घरींही, जेथें कुत्रें कुटुंबांतलेंच एक होऊन राहतें, प्रकार फारसा निराळा नसतो.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर झांक आली कीं, मोतीबिंदु झाला म्हणून मंडळी स्वस्थ बसतात. पुष्कळदां तें केवळ वयोमानानें घट्ट झालेलें भिंग असतें आणि दृष्टि बरीच शाबूत असते. खऱ्या मोतीबिंदूंत भिंग दुधासारखें पांढरें होतें. तें शस्त्रक्रियेनें काढतां येतें. काचबिंदूची गोष्ट वेगळी. डोळा लाल, बाहुली विस्फारलेली, जनावर डोक्याला हात लावूं देत नाहीं. अशा वेळीं एकदोन दिवसांचा विलंबही दृष्टि कायमची घालवूं शकतो. घरांत उरलेले माणसांचे थेंब घालण्याची खोड तर फारच वाईट. बुबुळास जखम असतांना स्टेरॉइडचे थेंब पडले, तर जखम चरत जाऊन डोळा फुटूं शकतो.

पापणीवर किंवा नाकाशीं लालभडक, फुलकोबीच्या गड्ड्यासारखें मांस वाढूं लागलें, तर मात्र एका विलक्षण रोगाची शंका घ्यावी. हा कर्करोग एका कुत्र्यापासून दुसऱ्यास जडतो. बहुधा तो समागमानें पसरतो व जननेंद्रियावर दिसतो. परंतु हुंगण्याचाटण्यानें नाक, तोंड व डोळा येथेंही रुजतो. येथें जंतु पसरत नाहींत, प्रत्यक्ष कर्करोगाच्या पेशीच पसरतात. हजारों वर्षांपूर्वीं, बहुधा आशियांत, होऊन गेलेल्या एका कुत्र्याच्या त्या पेशी आजही जगभर जिवंत आहेत! नोव्हिन्स्की या रशियन पशुवैद्यानें १८७६ सालीं अशीच गांठ एका कुत्र्यांतून दुसऱ्यांत रुजवून दाखविली होती. माणसास हा रोग जडत नाहीं. तेव्हां भिऊन कुत्र्याला हांकलून देण्याचें कारण नाहीं.

आणि औषध? तें आपल्या अंगणांतल्या सदाफुलींत आहे. तिच्यापासून काढलेलें व्हिंक्रिस्टीन १९६० नंतर माणसांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरूं लागले. कुत्र्यांच्या या गांठीवरही तें इतकें लागू पडतें कीं, आठवड्यास एक याप्रमाणें चारसहा वेळां टोचल्यावर बहुतेक गांठी विरून जातात. मात्र सदाफुलीचा पाला वाटून पाजणें म्हणजे विष पाजणें होय. औषध शिरेंतच जावें लागतें; बाहेर झिरपलें तर मांस जळतें. म्हणून तें पशुवैद्याचेंच काम. मुंबईस परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. सोनारीकडील मंडळींस तालुक्याचा दवाखाना आहे, आणि प्रकरण अवघड असल्यास शेजारच्या लातूर जिल्ह्यांत उदगीरचें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कुत्रीच्या सडांतील गांठींना मात्र हा उपाय चालत नाहीं. त्यांतील बऱ्याच घातक निघतात. त्या लहान असतांनाच कापून काढणें बरें. लहानपणींच नसबंदी केली तर त्यांचा धोका पुष्कळ कमी होतो. आपल्याकडे गांठ लिंबाएवढी झाली तरी तिला हळद लावीत बसतात, आणि ती छातींत पसरल्यावर पशुवैद्याची आठवण होते.