समोरासमोरची दोन पानं



आज येताना दोन मासिकं पिशवीत घालून आणली आणि स्टुडिओत शिरल्या शिरल्या बोलणी खाल्ली. "पानं उलटू नका हं, माइकवर पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं," असं ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी बजावलंय. म्हणून दोन्ही अंक आधीच उघडून टेबलावर पसरून ठेवलेत. डोळ्यांनी बघायची गोष्ट तोंडाने सांगायची आहे. जमेल तसं सांगतो.

दोन्ही मासिकं अमेरिकेतली, दोन्ही संगीताची, आणि दोन्ही अंक नव्वदच्या दशकातले. माझ्या डाव्या हाताला आहे 'रोलिंग स्टोन'. हे 1967 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं. 1987 पासून 2001 पर्यंत त्याची मांडणी फ्रेड वुडवर्ड यांच्याकडे होती. लेखाची सुरुवात बघा. एका पानावर गायकाचा पानभर फोटो. समोरच्या पानावर मथळा आणि तोंडी लावण्यापुरता मजकूर. बाकी मोकळं. आणि पानाला चौकट: एक जाड रेघ, तिला लागून एक बारीक रेघ. मासिकाची ही जुनी चौकट मधल्या काळात गेली होती, ती वुडवर्ड यांनी परत आणली.

उजव्या हाताला आहे 'रे गन'. 1992 साली निघालं, आणि पहिली तीन वर्षं डेव्हिड कार्सन यांनी त्याची पानं लावली. हे गृहस्थ आधी शाळेत समाजशास्त्र शिकवायचे आणि समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार व्हायचे. चौकट नाही. एक कॉलम रुंद, शेजारचा अरुंद, कुठे ओळीवर ओळ चढलेली. पृष्ठक्रमांक शोधायचा म्हणजे पंचाईत.

कार्सन यांचं सगळ्यात गाजलेलं जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, 1994 सालचं. ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत आली. कार्सन यांनी वाचली, त्यांना ती कंटाळवाणी वाटली. मग त्यांनी अख्खी मुलाखत झाफ डिंगबॅट्स या टाइपात लावली. या टाइपात अक्षरं नसतातच, नुसती चिन्हं असतात. इंग्रजी 'एल' दाबला की काळा गोळा येतो, 'एन' दाबला की काळा चौकोन, आणि 'ए'च्या जागी फूल. म्हणजे कॉलम आहेत, परिच्छेद आहेत, शब्दांमधल्या जागासुद्धा जिथल्या तिथे आहेत, फक्त वाचता काही येत नाही. वाचता येणारा मजकूर अंकाच्या शेवटी छापला होता, हे पुष्कळजण सांगायचं विसरतात.

तरुणपणी मी कार्सन यांच्या पानांवर लट्टू होतो. आता मात्र दोन्ही अंक शेजारी ठेवले की माझं मत दुसरीकडे झुकतं. वुडवर्ड यांची चौकट बदलत नाही, म्हणून आतला मथळा दर वेळी बदलता येतो. कधी लाकडी ठशासारखी जाडजूड अक्षरं, कधी हाताने काढलेली. एका लेखाचं अक्षर दुसऱ्याला नाही. तंबोरा लागलेला असला की गवई कुठेही फिरून येतो, तसं. 'रे गन'मध्ये सगळंच सुटं असतं, त्यामुळे पाचव्या-सहाव्या पानानंतर मोडतोडीचीच सवय होते आणि धक्का बसेनासा होतो. फेरी यांचं पान मात्र याला अपवाद. तिथे विनोद नेमका एकच आहे, आणि तो शिस्तीत लावलेल्या कॉलमांमध्ये आहे.

लंडनच्या 'द फेस' या मासिकाची मांडणी करताना नेव्हिल ब्रॉडी यांनी याहून सावकाश खोडी काढली होती. 1984च्या आसपास त्यांनी अनुक्रमणिकेचा मथळा अंकागणिक थोडा थोडा मोडत नेला. शेवटी नुसते आकार उरले, पण वाचकाला ते वाचता येत होते, कारण तो महिन्यामहिन्याने सोबत आला होता.

आता जोडपानाच्या घडीविषयी. मध्ये पिना मारलेल्या अंकात फक्त मधलं जोडपान एका सलग कागदाचं असतं. बाकीच्या प्रत्येक जोडपानाची डावी बाजू एका कागदावर, उजवी दुसऱ्यावर. छपाईत, घडीत किंचित फरक पडला की फोटो जुळत नाही. हे मला ठाऊक होतं, तरीही एका संगीत महोत्सवाच्या स्मरणिकेत मी गायिकेचा चेहरा दोन पानांवर पसरला. डावा डोळा उजव्यापेक्षा खाली गेला आणि नाक घडीत. बाईंनी फोन करून एवढंच विचारलं, "अहो, माझी नथ कुठे गेली?" तेव्हापासून चेहरा एकाच पानावर. वुडवर्ड यांच्या फोटोच्या पानाबद्दल मला एवढं प्रेम का, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आपल्याकडे या इंग्रजी मासिकांची पानं बघून नक्कल करायला जावं, तर देवनागरी आडवी येते. इंग्रजीवाले मथळ्यातली अक्षरं हवी तितकी लांब लांब ठेवतात. आपण तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मोठी लिपी, छोटी लिपी असा भेद नाही, त्यामुळे पहिलं अक्षर उठवायचं तर आकार नाहीतर जाडी, एवढंच हाताशी. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. पण आपल्या जोडाक्षरांच्या उभ्या उतरंडीतून जो मथळा होतो, तो त्यांच्याकडे होणं नाही.

एकदा दिवाळी अंकातल्या संगीतावरच्या लेखाचं प्रूफ आलं. मथळा ठीक, आणि खाली दोन पानं भरून रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेला मजकूर, आणि ज्या संगणकावर उघडला तिथे तो फॉन्टच नव्हता. डीटीपी करणारा मुलगा ओशाळून म्हणाला, "सर, पाच मिनिटांत फॉन्ट टाकून देतो." त्याला बरं वाटावं म्हणून मी कपाटातून 'रे गन'चा तो अंक काढला आणि फेरी यांची मुलाखत त्याच्यापुढे उघडली. त्याने दोन्ही पानं वरपासून खालपर्यंत नीट पाहिली आणि विचारलं, "यांच्याकडेपण फॉन्ट नव्हता का?"